मधल्या भिंतीतला पंखा

मालकिणीनं माझ्या अंगावर फवारा मारला. रूम फ्रेशनरचा, मोगऱ्याचा. छापलेल्या पिशवीचा नमुना दाखवायला मी केबिनमध्ये गेले होते. गिऱ्हाईक समोर बसलेलं. बाई म्हणाली, "दारातच उभी राय. तुह्या आंगाचा वास येते."

गिऱ्हाईक हसलं. मी नमुना टेबलावर टाकला आणि परत फिरले. डोळे चुरचुरत होते.

अकोल्यात, जठारपेठेत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. आमचं म्हणते, पण त्यात आमची फक्त फुप्फुसं. मागच्या खोलीत शमीम छापायची, मी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, धुवायची. छापताना पंखा बंद, नाहीतर जाळीत शाई वाळते. खिडकी बंद, नाहीतर ओल्या छपाईवर धूळ बसते. हे कामाचं आहे, मान्य. पण धुताना? तेव्हा छपाई थांबलेली असते. तेव्हाही बंदच. शाई काढणाऱ्या उग्र थिनरमध्ये चिंधी बुडवायची, जाळी घासायची. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, घास कडू लागायचा. त्यात शमीमला दिवस गेलेले. ओढणीनं नाक बांधून ती छापायची आणि मोरीत जाऊन ओकायची.

तिच्यासाठी मी आधीच मालकाकडे गेले होते. म्हटलं, "धुताना तरी हवा पाह्यजे. वास भाईर फेकणारा पंखा लावून द्या. शमीमले लई तरास होऊन राह्यला."

मोबाईलमधून मान न उचलता तो म्हणाला, "मले तं काई वास येत नाई. आन् तुमच्या लोकायले सवयच असते वासाची."

तुमच्या लोकायले. ती शेख, मी बौद्ध. दोन शब्दांत दोघींना कोंडलं. माझा बाप गटारं साफ करता करता मेला. त्यालाही सवयच होती म्हणे.

आणि फवारा मारला त्याच आठवड्यात पंखा आला. शमीम खूश. मिस्त्रीनं तो केबिन आणि आमची खोली यांच्या मधल्या भिंतीत बसवला. मालकानं बटण दाबलं. केबिनमधला वास ओढून पंखा आमच्या तोंडावर फेकू लागला.

म्हणजे त्याला वास येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. हे विष आहे हेही कळत होतं. ते कोणाच्या छातीत जावं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

मी थिनरचा डबा, ट्रे, स्क्रीन उचलले आणि दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले. तिथंच धुवायला लागले. जाणारे-येणारे नाक दाबून बघत होते. मालक धावत आला.

"आत हो. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"काम सुटन तुहं."

"सुटू द्या. आत धुणार नाई. त्या पंख्याचं तोंड रस्त्याकडं करा, मंग बोला."

शमीम छपाई सोडून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "माजल्या दोघी," म्हणून तो आत गेला. ऑर्डर तोंडावर होती, म्हणून त्या दिवशी आम्हाला कामावरून काढलं नाही.

पंखा अजून मधल्या भिंतीतच आहे. मी रोज ओट्यावर धुते. उद्या मला कामावरून काढेल, काढू दे. माझ्या जागी दुसरी बाई आणेल. तरी मी याच ओट्यावर बसेन, तिला त्या खोलीत जाऊ देणार नाही.