त्या सकाळची माझी प्रार्थना

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आमचा सेक्शन धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका पोस्टवर होता. अकरा जवान, एक रेडिओ सेट आणि पोस्टपर्यंत येणारा चार किलोमीटरचा कच्चा रस्ता. त्यात कुठेही नक्षलवाद्यांनी सुरुंग पेरलेला असू शकत होता. म्हणून रेशनचा ट्रक यायचा त्या दिवशी आम्ही आधी पायी रस्ता तपासायचो. याला रोड ओपनिंग म्हणतात. सगळ्यात पुढे सुरुंग शोधणारा डिटेक्टर घेतलेला जवान, बाकीचे वीस पावलं मागे.

मी लान्स नायक, सेटवर असायचो. घर माजरीला, वडील कोळसा खाणीत. सेक्शन कमांडर हवालदार याकोब साळवे, चिमूरकडचे. सेक्शनमध्ये आम्ही दोघंच ख्रिस्ती. रविवारी स्टोअरच्या तंबूमागे उभं राहून प्रार्थना करायचो. मी बहुतेक वेळा सुट्टीच मागायचो.

मार्च महिन्यात ती मंजूर झाली. बायकोला नववा लागला होता. रेशनच्या ट्रकनेच मी परत जाणार होतो. त्या सकाळी पाचला फॉल-इन झाला, सगळे रांगेत उभे राहिलो, तेव्हा डिटेक्टर चालवणारा जवान मलेरियाने आडवा होता. डिटेक्टरचा कोर्स केलेले आणखी दोघंच: याकोबभाऊ आणि मी. कमांडरने पुढे जायचं नसतं.

"डिटेक्टर कोन घेते?" त्यांनी विचारलं.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी बांधलेलीच होती. मनात एकच घोळत होतं: प्रभू, आज माझं नाव नको.

ते माझ्यापाशी येऊन थांबले. "दाविद, तू सेटच घे. पुढं मी चालतो."

"साहेब, तुम्ही कमांडर..."

"आन् तुयी बायको वाट पाहून राह्यली. चाल."

मी सेट खांद्याला अडकवला.

साडेपाचला निघालो. सेटचा पट्टा खांद्यात रुतत होता. ते वाकले की माझा श्वास अडकायचा, पुन्हा चालू लागले की सुटायचा. मग ते पुन्हा वाकायचे. माझी प्रार्थना ऐकली गेली होती, आणि तिचा अर्थ मला आत्ता कळत होता. माझं नाव नको म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी चालेल, एवढंच मी मागितलं होतं.

पहिला किलोमीटर संपताना रस्त्याखालून पाणी जाणारी एक मोरी होती; सुरुंग बहुतेक अशाच जागी पुरलेला असायचा. पलीकडे मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती. आम्हाला पाहून ती टोपली घेऊन रस्त्याकडे यायला लागली.

"बाई, तिथीच थांब!" याकोबभाऊ ओरडले.

ती घाबरली आणि थेट मोरीकडेच पळाली. त्यांनी डिटेक्टर टाकला आणि रस्ता सोडून तिला अडवायला धावले. तिला त्यांनी मागे ढकललं. स्फोट त्यांच्या पायाखाली झाला. सहा वाजून दहा मिनिटं.

मी सेटवर बोललो. "कंट्रोल, ब्लास्ट. एक जवान, एक सिव्हिलियन जखमी. ओव्हर."

"बॉम्ब पथक निघतंय. दोन तास. कोणीही पुढे जायचं नाही. ओव्हर."

धूर खाली बसला. दोघंही हलत होते. दोन तास त्यांच्याकडे नव्हते. मी सेट शेजारच्या जवानाकडे दिला, तपासलेल्या रस्त्यावर पडलेला डिटेक्टर उचलला आणि तिकडे निघालो. तीस पावलं असतील. मी काही शूर झालो नव्हतो. बायकोचा चेहरा समोरून हलत नव्हता. देवाकडे काही मागायचंही सुचलं नाही.

मी पोचलो तेव्हा याकोबभाऊ शुद्धीत होते. कमरेखाली पाहवत नव्हतं. मी माझ्या ड्रेसिंगचं पाकीट फोडलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"आधी बाईले ने."

"दोघांनाही नेतो."

"मले बांधून काई होत नाई. तिचं रक्त थांबव. ऑर्डर आहे."

तिची मांडी फाटली होती. मी ती घट्ट बांधली, तिला पाठीवर घेतलं आणि आलो त्याच पावलांवरून परत गेलो. स्ट्रेचर घेऊन मी आणि आणखी एक जवान त्यांच्यापाशी आलो, तेव्हा सहा पंचावन्न झाले होते. याकोबभाऊ गेले होते.

बाईचं नाव सोमीबाई. ती वाचली, लंगडत का होईना, चालते. मी चार दिवस उशिरा घरी पोचलो. मुलगी झाली होती.

नंतर बरीच वर्षं मी चर्चमध्ये याकोबभाऊंच्या धैर्याबद्दल बोलत राहिलो. नाडीची आणि प्रार्थनेची गोष्ट कधी सांगितली नाही. नोकरी सुटल्यावर चिमूरला त्यांच्या पत्नीकडे, मार्थाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढतील.

त्या म्हणाल्या, "भाऊ, भेव त्यायलेही लागे. सुट्टी संपत आली का जेवन जात नव्हतं. दारातून दोनदा मांगं फिरत."

"मला कधी कळलं नाही."

"तुमाले कशाले सांगतीन? लोकं म्हन्तात, त्यायले भेवच नव्हतं. तसं नका सांगू. जसं होतं तसं सांगा."

म्हणून तसंच सांगतो. हवालदार याकोब साळवे, वय अडतीस. त्या सकाळी त्यांनाही घरी जायचं होतं. त्यांनाही भीती वाटत होती.