वर्ना पास्कोच्या व्हॅनमधला वास

वर्ना पास्को आमच्या मूंटा गावात मटणाचं दुकान चालवायची. तिच्याकडे सॉसेज घ्यायला गेलेला माणूस मेव्हण्याच्या गुडघ्यापासून सुनेच्या रुसव्यापर्यंत घरातलं सगळं सांगूनच बाहेर पडायचा. गावानं तिचं नाव 'चोंबडी' ठेवलं होतं. तोंडावरसुद्धा म्हणायचे. ती सुरा पुसत म्हणायची, "चोंबडी तर चोंबडी. तू पुढचं सांग, सून मग काय म्हणाली?" पण या कानाचं त्या कानाला तिनं कधी केलं नाही. तिला गोडी होती ती विचारण्याची.

दुकान विकल्यावर तिनं हॉकर गावाजवळच्या एका शेतावरून चौपन्न सालची होल्डन व्हॅन आणली. तिच्यात वर्षानुवर्षं कोंबड्या निजत होत्या. वर्नानं स्वतः खरवडून, घासून ती उभी केली आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात आली. व्हॅनच्या आत, छताला दोन्ही बाजूंनी वाकड्या पितळी आकड्यांच्या रांगा होत्या. त्या कशासाठी, कुणालाच सांगता येईना. शिवाय ऊन चढलं की पत्र्यातून एक वास यायचा. गोडसर, उग्र.

"उंदीर मेलाय," असं क्लबचा अध्यक्ष नॉर्म ट्रेगिलगस म्हणायचा.

"पाच वर्षं तोच उंदीर मरतोय का रे?" वर्ना विचारायची.

नॉर्मला त्या आकड्यांचा आणि बाजूच्या दारावर आतून पडलेल्या पोच्यांचा राग यायचा. "ते उपटून टाक, पोचे काढ. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळेल." वर्ना ऐकायची नाही. "आधी कळू दे कशाचे आहेत ते. मग बघू."

त्या सप्टेंबरात क्लबनं उत्तरेची सहल काढली. हॉकर, मॅरी, मग मातीच्या रस्त्यानं विल्यम क्रीक. नऊ गाड्या. माझ्या मॉरिसचा गिअरबॉक्स ऐनवेळी बसला, म्हणून मी वर्नाच्या शेजारी बसलो. तिनं मला वाटेत इतके प्रश्न विचारले, की कॉपलीच्या बेकरीत पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खायला थांबलो तेव्हा मला माझंच आयुष्य नव्यानं कळल्यासारखं झालं होतं.

मॅरीला हॉटेलसमोर गाड्या ओळीनं लावल्या. गाव ते केवढं! बघायला आलेली माणसं हातावर मोजण्याइतकी. त्यांत एक म्हातारी होती, डोक्यावर पुरुषी हॅट, हातात माशा हाकायला झाडाची डहाळी. नॉर्मच्या चकाचक हंबर गाडीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट वर्नाच्या व्हॅनपाशी आली, मागचं दार उघडलं, आणि डोकं आत घालून उभी राहिली.

"बाई, काही सांडलं का आत?" वर्नानं विचारलं.

"थांब गं जरा," ती आतूनच म्हणाली. मग बाहेर आली, डोळे पुसले. "लवंग आणि वेलदोडा. अजून आहे. ही आमची गाडी."

तिचं नाव रुबी जुम्मा. तिचे आजोबा उंट घेऊन या देशात आले होते. वडील उंटांवरून, मग गाडीतून दूरदूरच्या गुरांच्या वस्त्यांवर कापड, सुया, मसाला विकायचे.

"म्हणजे ही तुझ्या वडिलांची," वर्ना म्हणाली.

"छे! बाबांना घोडागाडीपलीकडे काही हाकता आलं नाही. गाडी दुसराच कुणीतरी चालवायचा. बाबा वारले, आणि आईनं ही घेतली. काळ्या ओढणीतली बाई एकटी गाडी हाकत येतेय म्हटल्यावर वस्तीवरची कुत्री भुंकायचीसुद्धा विसरायची."

"आणि हे आकडे?"

रुबीनं नॉर्मकडे पाहिलं. तो जवळ येऊन कान देऊन ऐकत होता. "बायकांचे आतले कपडे टांगायला. पुरुष दुकानदाराकडे मागायला लाजायच्या ना बिचाऱ्या. वर्षानुवर्षं फाटकं घालायच्या. आई मागचं दार लावून घ्यायची, आत एकेकीला बोलवायची. कपड्यांना कसर लागू नये म्हणून लवंगा-वेलदोड्यांच्या पुरचुंड्या. बाहेर नवरे शेळ्यांसारखे उभे."

नॉर्म कानापर्यंत लाल झाला आणि इंजिन बघायच्या निमित्तानं निघून गेला.

"तुझीच गाडी कशावरून? तशा व्हॅन पुष्कळ होत्या," वर्नानं खोदून विचारलं. रुबीनं बाजूचं दार उघडलं, सीटवर बसली आणि बुटाची टाच दारावरच्या पोच्याला टेकवली. "मला शाळेत जायचं होतं. आई न्यायची फिरतीवर. रागानं लाथा मारत बसायचे मी. हे बघ, इथे, इथे, आणि इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना रुबी डबा घेऊन हजर. विल्यम क्रीकपर्यंत येते म्हणाली, तिथून भाचा न्यायला येईल. मी नॉर्मच्या गाडीत जायला निघालो, तर वर्ना म्हणाली, "मागे बस की. आकड्यांना लोंबकळ." कायद्यात बसत नव्हतं, पण रस्त्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी गादीच्या वळकटीवर बसलो.

गाव मागे पडलं तसं वर्नानं गाडी थांबवली आणि खाली उतरून रुबीला म्हणाली, "सरक तिकडे. चालव."

"आईनं कधी हात लावू दिला नाही चाकाला."

"मी देतेय ना."

रुबीनं गाडी काढली ती लाल धुळीचे लोट उडवत, सगळ्यांना मागे टाकत. वॉकीटॉकीवर नॉर्मचा आवाज खरखरला. "वर्ना, ओळ मोडू नकोस! काय चाललंय?"

रुबीनं यंत्र उचललं. "रुबी बोलतेय. तुझ्या बायकोचं माप सांग रे, माल आहे गाडीत."

वॉकीटॉकी खट्कन बंद झाली.

कोरड्या सरोवराचा पांढरा पट्टा उजवीकडे लागला तेव्हा रुबी म्हणाली, "कालपासून तूच विचारतेयस. आता तू सांग. तू कुणाची? सगळ्यांची एवढी चौकशी कशाला हवी तुला?"

वर्ना खिडकीची काच खालीवर करत राहिली. उत्तर द्यायची पाळी तिच्यावर आलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

"आमच्या घरी प्रश्न विचारला की थोबाडीत बसायची," ती शेवटी म्हणाली. "मी सात वर्षांची असताना बाबा ब्रोकन हिलच्या खाणीत कामाला गेले. आलेच नाहीत. आईला विचारायची सोय नव्हती. मग बाहेरच्यांना विचारत सुटले. ज्याचा त्याचा बाप, ज्याची त्याची आई."

"मग ब्रोकन हिलला जाऊन विचारलं नाहीस?"

"नाही."

"अगं, गाव हिंडतेस आणि तेवढंच सोडतेस?" रुबी हसली. वर्नालाही हसू आलं.

विल्यम क्रीकहून रुबी भाच्याबरोबर गेली. परतीच्या वाटेवर ओरोरूच्या फाट्याला सगळ्या गाड्या मूंटाकडे वळल्या. वर्नानं व्हॅन पूर्वेला घेतली. "तुला घाई नाही ना?" एवढंच तिनं मला विचारलं.

ब्रोकन हिलला पास्को आडनावाचं एकच घर निघालं. दार उघडलं ते डेस नावाच्या एका सडपातळ म्हाताऱ्यानं. टायरच्या दुकानातून निवृत्त झालेला. नाक थेट वर्नासारखं. तिनं बापाचं नाव सांगितलं. त्यानं जाळीच्या दाराची कडी काढली.

"माझेही बाबा तेच," तो म्हणाला. "आत या. चहा टाकतो."

डेस मुलखाचा अबोल. बाबा बँडमध्ये मोठी तुतारी वाजवायचे, कोबी खात नसत, मूंटाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, एवढं त्याच्याकडून बाहेर पडायला दुपार गेली. तेही त्यानं आपणहून सांगितलं, वर्नानं एकही प्रश्न विचारला नाही. वर्ना दोन्ही हातांत कप धरून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दोघं बाबांच्या कबरीवर जाऊन आली. मग तिनं डेसच्या स्वयंपाकघरात सॉसेज करायला घेतले, आणि आणखी काही दिवस राहणार असं सांगून टाकलं. मी बसनं घरी आलो.