वारसांच्या यादीतलं पाचवं नाव

आधीच कबूल करते, इथले लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. वाचता वाचता मनात प्रश्न यायचे ते असे... सीसीटीव्ही बघितला का? पासवर्ड कुणाकडे होता? स्वभावच तसा आहे माझा. सासूबाई माझ्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधतात आणि मी सोसायटीच्या गेटबाहेर पडले की ती सोडून टाकते. भुताखेतांपेक्षा माणसं जास्त लबाड असतात हे माझं ठाम मत होतं, आजही आहे. तरी हे लिहितेय, कारण दीड वर्ष झालं आणि या प्रकरणातला लबाड माणूस मला अजून सापडलेला नाही.

मी राहते उलव्यात. ऑफिस बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर... खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना. मी आणि माझा पार्टनर देवेंद्र वेबसाईट बनवतो. कोड माझा, गिऱ्हाइकं त्याची. त्यातलंच एक काम होतं उलव्याच्या पलीकडच्या एका गावाच्या समितीचं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या जमिनी प्रकल्पात गेल्या होत्या आणि बदल्यात कुटुंबांना भूखंड मिळायचे होते. कुठल्या कुटुंबात वारस कोण, याची यादी समिती साईटवर टाकणार, लोक बघणार, आणि चूक असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी हरकत घेणार. पाचनंतर यादी पक्की. मग ज्याचं नाव राहिलं त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात.

याद्या घरोघरच्या थोरल्या भावांनी भरून दिल्या होत्या. मी त्या जशाच्या तशा डेटाबेसमध्ये चढवल्या. त्यांत बहिणी जवळजवळ नव्हत्याच. मी देवेंद्रला तसं म्हटलंही.

"आपलं काम साईटचं आहे. घरोघरी जाऊन चौकशी करायचं नाही," तो म्हणाला. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं.

हरकतींचा आठवडा सुरू झाला आणि सोमवारी साईट आडवी पडली. अख्खं गाव एकदम आपापलं पान उघडत होतं. दर वेळी प्रश्न डेटाबेसकडे जायचा, तो बिचारा सगळे रेकॉर्ड चाळून उत्तर द्यायचा, आणि तोवर मागे शंभर जण रांगेत. म्हणून मी कॅशिंग लावलं. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते — खिडकीवर सगळे एकच प्रश्न विचारायला लागले की कारकून उत्तर एकदा चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवतो, तसंच हे. डेटाबेसने दिलेलं उत्तर दहा मिनिटं जपून ठेवायचं आणि येईल त्याला तेच दाखवायचं. दहा मिनिटांनी चिठ्ठी फाडायची, नव्याने विचारायचं. साईट पळायला लागली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या... चिठ्ठी स्वतःच्या मनाचं काही सांगत नाही. डेटाबेस जे बोलला तेवढंच ती सांगते.

मंगळवारी सकाळी अकराला समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आपण त्यांना घरतशेठ म्हणू.

"मॅडम, आमच्या पानावर माज्या भनीचा नाव कोनी घातला?"

त्यांच्या कुटुंबाची यादी त्यांनीच दिली होती. ते आणि तीन धाकटे भाऊ, एकूण चार नावं. मी पान उघडलं. पाच होती. पाचवं, मथुराबाई.

डेटाबेस तपासला, तिथे चार. चिठ्ठी तपासली, तिच्यात पाच. जुनं काहीतरी अडकलं असेल म्हणून चिठ्ठी पुसली. पान नीट झालं, चार नावं. घरतशेठना कळवलं, चहा मागवला. चहा येईपर्यंत पुन्हा पाच.

माझ्या डोक्यात पहिलं नाव कुणाचं आलं असेल? देवेंद्रचं. सर्व्हरचा पासवर्ड फक्त आम्हा दोघांकडे, आणि तो मूळचा त्याच पट्ट्यातला. त्याला न सांगता पासवर्ड बदलला. मग लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या मिनिटामिनिटाच्या नोंदी, काढून बसले. डेटाबेसच्या नोंदीत दिसत होतं की त्याने त्या मिनिटाला चार नावं दिली. चिठ्ठीवर त्याच मिनिटाची वेळ होती आणि नावं पाच. मध्ये कुणीही शिरलेलं नव्हतं. मथुराबाई हे नाव त्या घराच्या रेकॉर्डमध्ये, जुन्या बॅकअपमध्ये, कशातच नव्हतं. जे कधी बोललंच गेलं नाही ते चिठ्ठीवर आलं कुठून? दिवसभरात आठ वेळा पुसलं, आठही वेळा परत आलं.

बुधवारी देवेंद्रला लॉगिन होईना, तेव्हा त्याला कळलं.

"पासवर्ड बदललास? माझ्यावर संशय घेतेस तू?"

"मग कुणावर घेऊ?"

"स्वतःवर घे! बहिणींचा पुळका कुणाला आला होता?"

आठ वर्षांची पार्टनरशिप, पण त्या दिवशी आम्ही एका टेबलावर बसून डबेसुद्धा वेगवेगळे खाल्ले. त्याने मुलीची शपथ घेतली. मी शपथ मानत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

दुपारी घरतशेठ स्वतः आले, बरोबर समितीचे दोघं. आवाज चढवला नाही. खुर्चीत आरामात बसून म्हणाले, "मॅडम, ती चाळीस वरसांपूर्वी लगीन होऊन गेली. सुखान हाय. उगाच तिच्या डोक्यान काय भरू नका. काढून टाका, साधा काम हाय." मग माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाले, "का तिनं तुमाला गाठलंय?"

मला राग आला. पण खरं सांगू, त्याहून जास्त भीती वाटली... हे काम हातचं गेलं असतं, वर बदनामी. मी त्यांच्यासमोर त्या एका पानाचं कॅशिंगच बंद केलं. आता चिठ्ठी नाही, थेट डेटाबेस. चार नावं. अर्धा तास बसून त्यांनी खात्री करून घेतली आणि गेले. माझं मन मला खात होतं, तरी मी पुढच्या कामाला लागले.

गुरुवारी बाराच्या सुमारास, साईटच्या तळाशी असलेला आमचा पत्ता शोधत एक बाई जिना चढून आल्या. साठी उलटलेली, हिरवं लुगडं, धाप लागलेली. मोबाईल पुढे केला.

"बाय, मी मथुरा. यो माजा नाव हाय ना? मना वाचता येत नाय. शेजारनीन वाचून दाखवला."

पाच नावं. मी माझ्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं, तिथे चार. "फोनमध्ये जुनं पान राहिलं असणार," देवेंद्र पुटपुटला. मी त्यांच्याच हातातल्या फोनवर पान पुसून नव्याने मागवलं. पाच. देवेंद्रने आपलं वायफाय जोडून दिलं. पाच. कॅशिंग बंद होतं हो! चिठ्ठी ठेवायची जागाच मी काढून टाकली होती. देवेंद्रचा चेहरा उतरला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा खोटं बोलत नसावा.

"यो तू घातलास ना?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. तुमचं नाव खऱ्या यादीत नाहीये. इथे दिसतंय ती चूक आहे."

"चूक कंची?" त्या एकदम ताठ झाल्या. "मी त्यांची भन नाय काय? बापाचे मिठागरान मी डोक्यावर मीठ वायलाय. यो तुमचा शेठ तवा पालन्यान व्हता!"

मला लाज वाटली. तीन दिवस मी पाचवं नाव कुणी घुसवलं ते शोधत होते, चौथ्यानंतर यादी कुणी थांबवली हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

हरकतीचा अर्ज मीच लिहिला. सही करायला त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं, अंगठा दिला. शुक्रवारी देवेंद्र त्यांना गाडीतून समितीच्या ऑफिसात घेऊन गेला, बरोबर जन्माचा जुना दाखला आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या साक्षीला. पोच घेतली तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. त्याने तिथूनच त्यांच्या फोनवर पान उघडलं आणि मला फोन केला.

"चार दिसतायत," तो म्हणाला. "फक्त चार."

त्यानंतर पाचवं नाव आपोआप पुन्हा कधी दिसलं नाही. दोन महिन्यांनी सुनावणी झाली, हरकत मान्य झाल्याचं समितीने लेखी कळवलं आणि मी स्वतःच्या हाताने मथुराबाईंचं नाव डेटाबेसमध्ये चढवलं. घरतशेठनी आमचं काम काढून दुसऱ्याला दिलं. तो राग समजू शकते.

मी तो सगळा कोड दोन बाहेरच्या माणसांकडून तपासून घेतला. एक म्हणाला बग असेल, पण कुठला ते दाखवू शकला नाही. दुसरा म्हणाला, "मॅडम, तुम्हीच केलं असेल आणि विसरला असाल." देवेंद्रलाही अजून तसंच वाटतं, आणि मला अधूनमधून त्याच्याबद्दल. स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा, पण कृपा करून 'देवाची करणी' एवढंच लिहू नका.

एक शेवटचं. मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये बसल्या बसल्या, काही कारण नसताना, मी आमच्या साताऱ्याकडच्या शेताचा सातबारा ऑनलाईन उघडला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यावर आईचं नाव आहे, दादाचं आहे. माझं नाही. पान पुन्हा उघडलं. नाही. दुसऱ्या दिवशीही बघितलं, फोनवर, घरच्या लॅपटॉपवर. आता रोज बघते. जगावर संशय घेणारी मी, सहा वर्षांत हा कागद एकदाही बघितला नव्हता... दादा होता ना.

काल त्याचा फोन आला होता. भाऊबीजेला कुठल्या रंगाची साडी आणू, विचारत होता. मी निळी म्हणाले.