डेंटिंगवाला आणि टेकडीचं पाणी

बस डेपोच्या मागच्या भिंतीला लागून, टेकडीच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज होतं. ठोकलेल्या गाड्या तिथे यायच्या. चेपलेल्या पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीनं हलके हलके ठोके देत पत्रा वर उठवायचा, मग पुट्टी, घासकाम, रंग. लोक त्याला डेंटिंगवाला म्हणत. जुने दोस्त मात्र अजून 'भडका' म्हणूनच हाक मारायचे. ते नाव त्यानं कमावलेलं होतं. तिकिटाच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका माणसाचा त्यानं तरुणपणी असा जबडा फोडला होता, की तो बिचारा कितीतरी दिवस नळीनं पेज पीत होता.

लग्न ठरताना बायकोनं एकच अट घातली होती. ती दवाखान्यात नर्स. फुटलेली तोंडं शिवताना रोज बघायची. "माझ्यावर तर सोडाच, पण कुणावरही हात उचललात तर मी त्याच पावली घराबाहेर," ती म्हणाली होती. त्यानं ते पाळलं. राग यायचाच, पण तो मुकाट्यानं गॅरेजमध्ये जाऊन एखाद्या भंगार दरवाजावर घणाचे घाव घालत बसायचा. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "आज वहिनींशी वाजलेलं दिसतंय."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सेवा क्लबच्या अध्यक्ष होत्या. क्लबच्या ॲम्ब्युलन्सचा ठोकलेला पत्रा त्यानं फुकटात सरळ करून दिला, तर त्यांनी त्यालाच क्लबात ओढलं. वकील, दुकानदार, बँकेतले साहेब, आणि शेवटच्या खुर्चीवर हा. सभेत तोंड उघडायचा ते बिस्किटं खायलाच.

टेकडीवर हजारभर घरांची वस्ती होती आणि पाणी यायचं ते टँकरनं. टँकर ज्याचे होते, त्याला सगळे शेठ म्हणत. हा शेठ म्हणजे डेंटिंगवाल्याच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, त्यानंच बहिणीला वाढवलं, शिकवलं. टेकडीवर पाणी कुणाला द्यायचं, कुणाला तंगवायचं, हे तो ठरवायचा. त्याच्याविरुद्ध बोललेल्या गल्लीत टँकर आठवडाभर फिरकायचा नाही.

एका उन्हाच्या दुपारी टेकडीच्या चढावर रांगेत बाचाबाची झाली. पाणी संपत आलं होतं आणि शेवटच्या गल्लीतल्या बायका नळीला झोंबल्या. टँकरच्या ड्रायव्हरनं नळी हिसकावली आणि गरागरा फिरवली. नळीच्या टोकाला कपलिंगचा, म्हणजे नळी जोडायचा, मुठीएवढा लोखंडी गोळा होता. तो एका भाजीवालीच्या कानशिलावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि ती डबक्यात आडवी झाली. बाकीच्या बायका ड्रायव्हरवर तुटून पडल्या. कॅन, बादल्या, चपला, हाताला येईल त्यानं त्याला बडवत सुटल्या. तो कसाबसा केबिनमध्ये शिरला आणि गर्दीतूनच टँकर काढून पळाला. एका म्हातारीच्या पायावरून चाक गेलं.

डेंटिंगवाला आरडाओरडा ऐकून हाताशी होती ती गाडी घेऊन धावला. गिऱ्हाइकाची नुकती रंगवलेली गाडी होती, रंग अजून ओला. त्यानं भाजीवालीला मागच्या सीटवर घातलं, म्हातारीला पुढे, आणि हॉर्नवर हात ठेवून दवाखाना गाठला. बायकोनंच भाजीवालीला स्ट्रेचरवर घेतलं. भाजीवाली तिच्या हातातच गेली. म्हातारीचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

संध्याकाळी क्लबची सभा होती. तो रक्तानं माखलेल्या कपड्यांनीच गेला. हिशेबाचा विषय चालू होता.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "टेकडीवर नळ आणायचा. तुम्ही लोक झाडं लावता, चष्मे वाटता, चांगलं आहे. पण आज तिथे बाई मेली, बादलीभर पाण्यासाठी."

कुणीतरी म्हणालं, एवढं काम क्लबच्या आवाक्याबाहेरचं आहे. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "एकट्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण जोडनिधी मागता येईल. आपण एक वाटा उचलायचा, परदेशातला एखादा क्लब भागीदार म्हणून दुसरा उचलतो, जिल्ह्याच्या निधीतून थोडं मिळतं, आणि आपण सगळ्यांनी जमवलं की वरची संस्था त्यात भर घालते. मात्र अर्ज कडक असतो. आधी वस्तीत घरोघर जाऊन विचारायचं, त्यांना काय हवंय. नंतर नळ कोण सांभाळणार, बिघडला तर कोण दुरुस्त करणार, ते सांगायचं. आणि ज्याचं या कामात कुठे नातं किंवा हितसंबंध असेल, त्यानं ते आधीच उघड करायचं."

"मग माझं आत्ताच लिहून घ्या," तो म्हणाला. "टँकरवाला माझा मेव्हणा आहे. नळ आला तर त्याचा धंदा बसतो."

मग वकील हळूच म्हणाले, "घरी काय सांगणार?"

घरी त्याला सांगावं लागलंच नाही. बायको मोरीत उभी राहून ॲप्रनवरचे डाग घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "दादाकडे गेले होते मी. म्हटलं, बाई मेली. तर म्हणतो, गर्दीत होतं असं. ड्रायव्हरला गावी पाठवून दिलंय त्यानं." मग वळून म्हणाली, "घरोघर फिरायचं असेल तर मी येते. बायका तुमच्याशी नाही बोलायच्या."

दोघं सुट्टीच्या दिवशी टेकडी चढू लागले. बायका आधी दारच उघडेनात. शेठचे लोक गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकली लावून बसलेले असत. पण नर्सबाईंनी कुणाचं बाळंतपण केलेलं, कुणाच्या पोराला टाके घातलेले. एकेक दार उघडलं. क्लबला वाटत होतं घरागणिक नळ द्यावा. बायकांनी वेगळंच सांगितलं: घरात नळ दिलात तर पुरुष मोटार लावून ओढून घेतील, वरच्या गल्लीला थेंब पोचायचा नाही. गल्लीत सामायिक नळ द्या, समोर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. डॉक्टरीणबाईंनी अर्जाचा सगळा आराखडा त्यावरून बदलला.

शेवटची गल्ली उरली होती, तेव्हा मोटरसायकलवाले उठले. आधी शिव्या, मग दगड. डेंटिंगवाल्यानं बायकोला एका घरात ढकलून दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. चौघं होते. हातात गज. त्यानं दोन्ही हात वर धरले, डोकं वाचवायला, पण मूठ वळली नाही. आतून बायको दार बडवत होती. गज उजव्या मनगटावर बसला, मग पुन्हा तिथेच, आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो खाली बसला तेव्हा त्यांनी बरगड्यांत लाथा घातल्या. त्यातला एक जण वाकून म्हणाला, "दाजी आहात म्हणून जिवंत सोडायला सांगितलंय."

त्याच संध्याकाळी गॅरेजला आग लागली. थिनरचे डबे बाँबसारखे फुटले आणि आत उभ्या असलेल्या दोन गाड्यांचा कोळसा झाला.

पोलिसांत तक्रार झाली. नावं दिली. पोलिसांनी लिहून घेतलं आणि तिथेच थांबले.

भागीदार क्लब मात्र मिळाला. दूरच्या देशातल्या त्या क्लबची अध्यक्ष म्हणजे एक पांढऱ्या केसांच्या आजीबाई, व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर दिसायच्या, मागे कपाटावर त्यांचं मांजर झोपलेलं. डॉक्टरीणबाई भाषांतर करत होत्या. आजीबाईंनी प्लॅस्टरकडे बोट दाखवून विचारलं, गॅरेजमध्ये लागलं का?

"नाही म्हणावं, हे अर्जाचं काम करताना झालं," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

आजीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे विचारलं, उद्या नळ बसवले आणि कुणी पाइप फोडले तर?

"फोडणारच," तो म्हणाला. "म्हणून आम्ही गल्लीगल्लीतल्या बायकांची समिती केलीय, माझी बायकोही आहे तीत. पाइप पुरायला त्याच येणार, राखायलाही त्याच. स्वतः पुरलेला पाइप माणूस सहज फोडू देत नाही."

त्या क्लबनं होकार कळवला. अर्ज वर गेला. वरच्या संस्थेकडून शंका येत, डॉक्टरीणबाई उत्तरं देत. सगळ्यांना वाटू लागलं, की आता होतंय.

आणि मग शेठ स्वतः घरी आला.

डेंटिंगवाला तेव्हा हात दाखवायला दवाखान्यात गेला होता. परत आला तर दार सताड उघडं. बायको जमिनीवर बसलेली, एका कानातून रक्त मानेवर ओघळलेलं, केसांचा पुंजका उपटून फरशीवर पडलेला. शेजारीण ओल्या फडक्यानं पुसत होती आणि रडत होती. भावानं तिला समितीतून बाहेर पड म्हणून सांगितलं होतं. ती नाही म्हणाली. "तुझ्या तोंडात घास मी घातलाय," असं ओरडत त्यानं तिचे केस धरून डोकं चौकटीवर तीनदा आपटलं.

"अहो, बसा इथे," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत तिला काहीतरी दिसलं होतं. "ऐका माझं. मी तक्रार देणार आहे. बसा."

तो बसला नाही. जळक्या गॅरेजमधून त्यानं डाव्या हातानं घण उचलला आणि टँकरच्या तळावर गेला. फाटकावरच्या माणसानं अडवलं, तर त्याच्या खांद्यावर घाव बसला. शेठ टँकरच्या सावलीत खाट टाकून पडला होता. उठायला गेला तोवर घण गुडघ्यावर आला. वाटी फुटल्याचा आवाज डेंटिंगवाल्याला स्पष्ट ऐकू आला. मग दुसरा गुडघा. शेठ ओरडत मातीत सरपटू लागला, टँकरखाली शिरायला बघू लागला. डेंटिंगवाल्यानं त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि पुन्हा मारलं. घण निसटला तेव्हा प्लॅस्टरमधल्या हातानं मारत राहिला, प्लॅस्टर फुटून लाल होईपर्यंत. चार ड्रायव्हरांनी मिळून त्याला बाजूला केलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ आपणही ओरडत होतो.

कोठडीत डॉक्टरीणबाई भेटायला आल्या.

"अर्जात नाव असलेल्या माणसावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा असेल तर अर्ज बाद होतो," त्या म्हणाल्या. "लपवायचं मी करणार नाही. भागीदार क्लबला सगळं कळवलंय. आजीबाईंनी विचारलं, वस्तीतल्या बायका अजून तयार आहेत का?"

"आहेत?"

"दोघी सोडून गेल्या. बाकीच्यांनी तुमच्या बायकोला समितीची प्रमुख केलंय. तुम्हाला प्रकल्पातून आणि क्लबातूनही बाहेर पडावं लागेल."

त्यानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. वाद घातला नाही.

बायको मात्र पहिले काही आठवडे आलीच नाही. आली तेव्हा गजांपलीकडून त्याच्याकडे चांगला कान करून उभी राहिली. दुसरा कान कायमचा बहिरा झाला होता.

"तुझ्यासाठीच..." त्यानं सुरुवात केली.

"नका म्हणू," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून अजिबात नका म्हणू. मी तुम्हाला बसा म्हणाले होते. दादानंही माझ्याच भल्यासाठी मारलं, असं त्यानं पोलिसांना जबाबात सांगितलंय. तुम्ही दोघंही सारखंच बोलता. खरं सांगा, बरं वाटलं ना मारताना?"

त्यानं मान हलवली. "वाटलं."

"हे बोललात म्हणून मी पुन्हा येईन," ती म्हणाली आणि निघून गेली. ती घर सोडून गेली होती. मैत्रिणीकडे राहत होती.

निधी मंजूर झाल्याचं त्याला तुरुंगात क्लबातल्या वकिलांकडून कळलं. टेकडीवर चर खणताना दोनदा मारामाऱ्या झाल्या. शेठच्या माणसांनी एकदा पाइपांच्या ढिगाला आग लावायचा प्रयत्न केला, तर बायकांनी फावडी घेऊन त्यांना उतारावरून पिटाळलं. एकाचा हात मोडला. नर्सबाईंनी त्यालाही पट्टी बांधून दिली आणि मग पोलिसांच्या हवाली केलं. शेठला बहिणीला मारल्याबद्दल शिक्षा झाली, ती त्यानं बहुतेक इस्पितळाच्या खाटेवरच काढली. टँकर विकले गेले.

डेंटिंगवाला शिक्षा भोगून सुटला तेव्हा टेकडीवर नळ चालू होऊन बरेच दिवस झाले होते. त्याचा उजवा हात आता हातोडी पेलत नव्हता. टायरवाल्याच्या दुकानात तो डाव्या हातानं पंक्चर काढू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा क्लबात घ्यायचा ठराव मांडला, तो पडला. वकिलांनीच विरोधात मत दिलं आणि नंतर दुकानात येऊन तसं तोंडावर सांगितलं. त्याला ते आवडलं.

बायको एक दिवस आपली पेटी घेऊन परत आली. आत न शिरता उंबऱ्यातच विचारलं, "अट तीच आहे. जमेल?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आतापर्यंत जमतंय."

तिनं पेटी आत आणली.

पुढच्या वर्षी क्लबनं टेकडीवरच्या शाळेसाठी दुसरा अर्ज करायचं ठरवलं. क्लबातल्या दोन नव्या महिला सभासद टायरच्या दुकानात आल्या, घरोघर जाऊन विचारायचं काम कसं करायचं ते समजून घ्यायला. त्यानं त्यांना बसायला जुने टायर दिले, हात पुसले आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी काहीच विचारू नका. त्यांच्याकडे बसा. काय हवंय ते बायका दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सांगतात. आणि वरच्या गल्लीपासून सुरुवात करा, तिथे कुणी पोचतच नाही."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्यातली एक म्हणाली, "अर्जात तुमचे आभार मानतो आम्ही."

"नको," तो म्हणाला. "माझं नाव दिसलं तर शंका काढतील."

एक रिक्षावाला पंक्चर झालेलं चाक घरंगळवत येत होता. तो उठला आणि त्याच्याकडे गेला.