सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

वहिनी दुधावर नजर ठेवून गॅसपाशी उभ्या होत्या, नवरा आंघोळीला गेला होता, तेवढ्यात दार वाजलं. टेंडर ऑफिसचा शिपाई. सही घेतली, लिफाफा हातात ठेवला आणि जिना उतरला.

पाण्याच्या टाकीच्या कामात त्यांच्या नवऱ्याची निविदा सर्वांत कमी दराची निघाली होती. छोट्या ठेकेदाराच्या नशिबी असं काम एकदाच येतं. लिफाफ्यातल्या पत्राप्रमाणे आता एका मोठ्या कंपनीनं हरकत घेतली होती: दरात खाडाखोड आहे, शेजारी सही नाही, निविदा बाद करा. आधाराला जुना निकाल, क्रमांक सत्तेचाळीस.

ठेकेदार मंडळी वहिनींना गमतीनं 'हायकोर्ट' म्हणत. कुणाचं टेंडर कशापायी बाद झालं, कुणाचं वाचलं, असे दहा वर्षांतले निकाल वाचून त्यांनी वहीत उतरवले होते. वही उघडली. सत्तेचाळीस, बरोबर. मग खातरजमेला छापील निकाल काढला. छापलं होतं चौऱ्याहत्तर.

ती नोंद केली त्या दिवशी धाकटे दीर मोठ्यानं वाचत होते, "चौऱ्याहत्तर." कानावर आधी चार पडला, हातानं आधी चारच लिहिला. खरा सत्तेचाळीस तर कुंपणाच्या भिंतीचा! ही चूक जगात एकाच वहीत होती. आणि वर्षभरापूर्वी त्याच मोठ्या कंपनीत लागलेले हेच भाऊजी दर रविवारी चहाला येऊन म्हणत, "वहिनी, जरा वही बघू." निकाल वाचायला त्यांना शिकवलं होतं ते वहिनींनीच.

"कोण आलं होतं गं?" आतून आवाज आला.

"ऑफिसचा शिपाई." त्यांनी फोन लावला.

"बोला, हायकोर्ट!"

"भाऊजी, सत्तेचाळीस माझ्या वहीतली चूक आहे. खरा चौऱ्याहत्तर."

"साहेबांनी विचारलं... मी फक्त नंबर दिला. धंदा आहे हो, वहिनी."

"धंदा होता तर घरचा म्हणून कशाला येत होतात? आणि पान उलटायचंत तरी! अक्षरी दर स्वच्छ असेल तर अंकी खाडाखोड चालते, असं त्याच निकालात आहे. आमचा अक्षरी दर स्वच्छच आहे, उत्तर मी आजच देते."

"दादाला..."

"तेच सांगायचंय. यांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन वाढवलंय. हे माझ्या तोंडून त्यांना कळायला नको. आज या, आणि तुमच्या दादाला तुम्ही स्वतः सांगा. एवढंच करा."