वहिनीच्या मागची झील

जेऊरला गाडी गाठायची म्हणून आम्ही सकाळीच जीपनं निघालो होतो. सीनेच्या पुलाशी आल्यावर आईनं ड्रायव्हरला थांबायला लावलं आणि ती खाली उतरली. स्टेशनपर्यंत ती येणार नव्हती, हे तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. माझं लग्न नुकतंच झालं होतं, नवरा इंग्लंडात नोकरीवर रुजू झाला होता आणि माझा व्हिसा हातात आला होता. पाठीमागच्या सीटवर दादा आणि त्याची बायको, सुमनवहिनी. तीही घरात नवीनच होती, अजून मान वर करून बोलत नव्हती. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला, रडली नाही, आणि एकदम म्हणाली, "आता माजी झील कोन धरायची गं?"

मी काही बोलायच्या आत जीपमधून हळूच आवाज आला, "मी धरीन की, आत्या."

सासूला वहिनी आत्या म्हणते. तिच्या तोंडून ते शब्द निघाले आणि माझ्या पोटात जे पेटलं ते अजून धुमसतंय. याला हेवा म्हणा, जळकेपणा म्हणा, मी दुसरं बरं नाव शोधत बसत नाही. गाव सोडल्याचं दुःख वगैरे मला पुढं यथावकाश झालं. पुलावरून जीप निघाली तेव्हा मात्र मी फक्त जळत होते.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना झील सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमच्या गावात लग्नाला नवरीकडची किंवा नवरदेवाकडची माणसं आली की त्यांना पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी अडवतात. गावच्या बायका अलीकडं उभ्या राहून गाणं म्हणतात, आणि ते संपल्याशिवाय कुणी पूल ओलांडायचा नसतो. गाणं पाठ केलेलं नसतं. समोर कोण आलंय ते बघून, नावं गुंफत, जागच्या जागी रचायचं. पुढं म्हणणारी बाई ओळीचे शेवटचे शब्द अर्ध्यावर सोडून देते. मागची ते उचलते, लांबवते, तेवढ्यात पुढचीला दम घ्यायला आणि पुढची ओळ जुळवायला सवड मिळते. मागचीच्या या ओढीला झील म्हणतात. आई पुढं, मी मागं. परकर नेसायच्या वयापासून ती जागा माझी होती. शाळेत कितव्या नंबरनं पास झाले याची कुणी चौकशी केली नाही, पण पुलावर माझी झील तुटली तर आई गाणं चालू असतानाच कोपरानं ढोसायची.

न्यूकॅसलला आले तर नदी इथंही, आणि तिच्यावर एकाशेजारी एक पूल. पाहुण्यांना मात्र कुणी अडवत नव्हतं. पहिले काही महिने मी घरात हीटर लावून बसून काढले. मग इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम मिळालं आणि योगायोगानं संगीताचं शेल्फ माझ्याकडं आलं. गाणी कशी लिहावीत, स्टेजवर कसं उभं राहावं, श्वास कुठं घ्यावा, गायकांची आत्मचरित्रं, वादकांची भांडणं. मी आधाशासारखी वाचत सुटले. सहकाऱ्यांना वाटायचं, मला संगीताची केवढी आवड! आवड होतीच, पण त्याहून जास्त चढाओढ होती. वहिनीकडं आई होती, तर माझ्याकडं अख्खं शेल्फ होतं.

त्या पुस्तकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटायची. गाण्याच्या मध्यावर चार वेगळ्या ओळी हव्यात, चाल बदलायला हवी, म्हणजे ऐकणारा चमकतो आणि पुन्हा मूळ चालीवर आल्यावर सुखावतो. त्या जागेला हे लोक ब्रिज, म्हणजे पूलच म्हणतात. मला ते फार आवडलं. मी तशी गाणी लिहायला लागले, मराठीत. वीकेंडला एका कॅफेत ओपन माइक असायचा, तिथं जाऊन म्हणायला लागले. लोक डोळे मिटून ऐकायचे. शब्द कळत नसल्यामुळं असेल, पण फारच मन लावून ऐकायचे.

मग एकदा फोनवर दादा सहज म्हणाला, "आईला आता दम पुरत न्हाय. सुमन म्हनती पुढं, आई झील धरती."

मी फोन ठेवला आणि भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी. आईनं माझ्या आठवणीत कुणाची झील धरली नव्हती. आजी गेल्यापासून ती कायम पुढंच. माझ्या मागं ती कधी उभी राहिली नाही, मला कधी पुढं हो म्हणाली नाही. आणि ही बार्शीकडून आलेली, आमच्या पुलाचं नावही ऐकलेलं नसलेली बाई पुढं, आणि माझी आई तिच्या पाठीशी.

म्हणून धाकट्या भावाचं, महेशचं लग्न ठरलं तेव्हा मी तयारी करूनच गेले. त्याच्यासाठी खास गाणं लिहिलं होतं. मध्यावरची वेगळी चाल इतकी घोटली होती, की माझी मुलगी झोपेतही ती गुणगुणायची.

विमान उशिरा पोचलं. जेऊरकडून गाडी करून पुलाशी आले तर समोर नवरीकडच्या गाड्या उभ्या, माणसं उतरलेली, आणि गावाकडच्या टोकाला आमच्या बायका. गाणं सुरू झालं होतं. आता मधून जाता येत नाही, ही आमचीच रीत. तेव्हा मी बॅग धरून नवरीच्या मावश्यांच्या घोळक्यात उभी राहिले. वहिनी पुढं होती. अंगानं भरली होती, आवाज मोकळा लागला होता, आणि नावं कशी पटापट गुंफत होती! नवरीच्या मामाचं नाव, त्याच्या नव्या ट्रॅक्टरचं कौतुक, सगळं एका दमात. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती हसली आणि तिनं ओळ फेकली, "लांबून आली गं, समिंदरापल्याडची पाव्ह..."

आणि मागून आईची झील आली, "आली गं पाव्हणी."

सगळ्या हसल्या, नवरीच्या मावशीनं माझ्याकडं वळून नमस्कारसुद्धा केला. माझ्या आईनं सगळ्या गावासमोर सूर लावून मला पाहुणी म्हटलं होतं. मीही हसले, दुसरं काय करणार.

घरी वहिनीनं मला कपबशीतून चहा दिला. बाकी सगळ्या स्टीलच्या पेल्यातून पीत होत्या. संध्याकाळी हळद लागल्यावर मी माझं गाणं म्हटलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सरळ उभी राहिले, एकेकीच्या डोळ्यांत बघितलं. एकेक जणी पदर सावरून खाली बघायला लागली. पहिल्या ओळीला दोघीतिघींनी सवयीनं झील धरायचा प्रयत्न केला, पण मी शेवटचा शब्द सोडतच नव्हते, स्वतःच पुरा करत होते. मध्यावर चाल बदलली तशा त्या पार गप्प झाल्या. गाणं संपलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "लई छान म्हनलीस."

आमच्या घरात गाण्याला टाळ्या वाजवत नाहीत. छान कुणी म्हणत नाही. "सूर कुटं सांडून आलीस?" असं म्हणतात. छान म्हणतात ते पाहुण्यांना, त्यांनी आणलेल्या साडीला, बर्फीला. मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून दुसऱ्याला शिरायला फट नसलेलं गाणं रचायला शिकले होते.

उष्टी काढताना वहिनी आणि मी दोघीच स्वयंपाकघरात होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, गाण्यात मला पाहुणी करून टाकलंत."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मग काय म्हनू, वन्सं? घरच्या बाया अलीकडं हुब्या ऱ्हात्यात. तुमी पल्याड व्हता." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन आत्या रोज काय म्हनत्यात ठावं हाय का? शोभाची झील लांब जायाची, शोभा दम टिकवायची. म्या पुढं गेले तरी त्यास्नी तुमीच ऐकू येता. मला वाईट न्हाय वाटत व्हय?"

इथं मला तिची दया यायला हवी होती. गळ्यात गळा घालून दोघी रडलो, असं लिहायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, अगदी आतून गार वाटलं. ती जळत होती, माझ्यावर! मी कपबशी विसळली आणि पातेल्यात उरलेला चहा एका स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला. वहिनीनं ते पाहिलं आणि ताट पुन्हा उचललं.

आता आम्ही दोघी एकमेकींना फोन करतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा शेजारच्या पोरीच्या लग्नासाठी नावं गुंफून बघणं चाललं होतं. ओसरीवर वहिनी बसलेली, शेजारी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून आई. ती जागा बघून माझं नेहमीचं जळणं सुरू झालं. आईला खोकला झाला होता. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमीच धरा की आज."

तिनं ओळ सोडली, मी उचलली. पण फोनचा आवाज पोचायला जरा वेळ लागतो, त्यामुळं माझी झील तिथं पोचेपर्यंत ती पुढच्या ओळीवर गेलेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिनं शब्द सोडायच्या आधीच मी अंदाजानं सुरुवात केली, तर शब्दच दुसरा निघाला.

"शोभे!" आई खोकत खोकत ओरडली. "ध्यान कुटं हाय तुजं? मागं काय पडतीयास, आदी काय पळतीयास! तितं जाऊन ह्येच शिकलीस व्हय? पुन्यांदा म्हन!"

इकडं माझा नवरा आणि मुलगी दारात येऊन बघायला लागले, की ही एवढी ओरडा खातीय आणि हसतीय का. त्यांना काय सांगू? तुम्हाला सांगते, तिकडच्यांना आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनाही. मला घर म्हणून आता एवढंच कळतं. जिथं आपल्याला छान म्हणत नाहीत, ते.

आईनं लगेच वहिनीकडं मोर्चा वळवला. तिची ओळ आखूड पडत होती, सूर चढा लागला होता, नवरदेवाच्या चुलत्याचं नाव ती विसरली होती. एकामागून एक, दम लागेपर्यंत तिला बोलणी बसली. मला एकदाच बसली होती. मी स्क्रीनकडं बघत होते आणि मला पुन्हा वहिनीचा हेवा वाटत होता.