पाइनच्या जंगलात ब्रेक सोडला तेव्हा

मी शेगावच्या महाराजांवर रुसलेली बाई, हे आधीच सांगून टाकते. नांदुऱ्याहून शेगाव ते काय, आगगाडीत बसून पदर सावरेपर्यंत स्टेशन येतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर्शनाचा गुरुवार चुकवला नव्हता. तरी आमच्या गुरुजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि जन्मभर वर्ग दणाणून सोडणाऱ्या माणसाच्या तोंडात 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच शब्द उरले. पुढच्या गुरुवारी मी देवघरासमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "मी आता येत नाही. तुले याचं असंल तं तू ये." नवस बोलले नाही, पोथीही उघडली नाही. पिठलं-भाकरीचा नैवेद्य बंद केला. फक्त हाताची सवय मोडली नाही, गुरुवारी भाकर एक जास्तच व्हायची.

गुरुजी भूगोलाचे. सूचिपर्णी अरण्य त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलं, निमुळतं झाड फळ्यावर हजारदा काढलं, पण पाहिलं कधीच नाही. आपलं सगळं आयुष्य तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या वावरांत गेलं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस घेतली आणि वेल्डरला हाताशी धरून वर्षभर तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी बसवली. चाकावरचं घरच म्हणा. पाइनच्या झाडाखाली गाडी लावायची आणि मुक्काम ठोकायचा, एवढीच त्यांची हौस होती. गाडी तयार झाली आणि महिन्याभरात ते खाटेला खिळले.

माहेरी मी ट्रॅक्टर चालवलेला. म्हटलं, बस काय वेगळी असते? पन्नाशी ओलांडल्यावर रीतसर शिकले, लायसन काढलं. गुरुजींना पाइनच्या जंगलात नेऊ का, असं डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, गोळ्या चुकवू नका, थांबत थांबत चढा. अडवलं ते घरच्यांनीच. धाकटे दीर ओसरीत येऊन बसले. "वैनी, दादाले काही झालं तं लोकाईले काय सांगू आपण?" मी म्हटलं, "इथं खाटंवर झालं तं चालते, अन् तिथं झालं तं चालत नाही, असं हाये का?" मग त्यांनी शेवटचं काढलं, की जायचंच असेल तर आधी शेगावला जाऊन महाराजांना तरी विचारा. मी महाराजांना विचारलं नाही. गुरुजींना विचारलं, जायचं का? ते म्हणाले, "हो."

नऊ दिवस थांबत थांबत हिमाचलात पोचलो. जंगलखात्याच्या चौकीवर विचारून रस्त्याखालच्या एका मोकळ्या जागेत गाडी लावली. चहूकडे उंचच उंच पाइन, खाली वाळक्या सुयांची गादी. वारा सुटला की सगळं जंगल मोठा श्वास घ्यायचं. गुरुजींना पलंगावरून खिडकीतून शेंडे दिसत. पहिल्या सकाळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, बघ, तुझ्यावाचून आणलं मी यांना. असं मी महाराजांना म्हटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या सकाळी निघायचं होतं. वार कोणता होता ते मुद्दाम सांगत नाही, लोक लगेच हात जोडतात. वाटेसाठी पिठलं-भाकरी करून ठेवली, गुरुजींना पट्ट्याने पलंगाला बांधलं आणि गाडी सुरू केली. तोंड रस्त्याकडे, जरा चढ. मागे वीस-पंचवीस हातांवर दरीची कड. मागची चाकं जागीच फिरू लागली. आता काळ्या मातीत गाडी फसली की आपण काय करतो? चाकाखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकतो, कुटार-भुसा टाकतो. मीही खाली उतरून सुयांचे कवळेच्या कवळे चाकाखाली कोंबले. आतून गुरुजी "नाही, नाही" करत होते. मला वाटलं, त्यांना इथून निघायचं नाही. म्हटलं, थांबा हो, किती हट्ट कराल!

पुन्हा गाडी सुरू केली आणि ती मागे घसरली. त्या वाळक्या सुया तेलासारख्या गुळगुळीत असतात हे मला कुठं ठाऊक? गुरुजींना ठाऊक होतं. तेच तर ते सांगत होते. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी अडलेली चाकं घसरतच राहिली. निम्मं अंतर जाऊन गाडी थांबली. पाय जरा हलला की टीचभर मागे. उतरता येईना, फोनला रेंज नाही, गुरुजींना एकटीने काढणार कशी? आरशात दरीच दिसत होती. तेव्हा कळलं की मी यांना मारायला इथवर आणलंय. तरीही मी महाराजांना हाक मारली नाही. दात-ओठ खाऊन बसले. सोडून दिलेल्या देवाला अडचणीत बोलावणं मला कमीपणाचं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. वरून एक म्हातारी पहाडी बाई उतरली, पाठीवर टोपली, हातात लाकडी दाताळं. जनावरांखाली अंथरायला सुया गोळा करणारी असावी. तिनं एकदा गाडीकडे पाहिलं. मागच्या चाकांमागच्या सगळ्या सुया ओरबाडून माती उघडी केली, तिथे मोठे दगड लावले आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "ब्रेक छोड़ो, बहन."

मी नकाराची मान हलवली. दगड मला दिसत नव्हते, दरी दिसत होती. ती पुन्हा म्हणाली. मी ब्रेक आणखी दाबला. उभ्या जन्मात मी हातातलं काही सोडलं असेल तर शपथ! तेवढ्यात मागून आवाज आला, जड, पण स्वच्छ.

"सोड."

गुरुजींचा आवाज होता. अकरा महिन्यांत तिसरा शब्द. मी हँडब्रेक खाली केला आणि पाय उचलला. गाडी हातभर मागे गेली, मातीवर टेकली, दगडांना लागली आणि थांबली. मग बाईनं पुढच्या सुया ओढून वाट केली आणि मी गाडी रस्त्यावर चढवली.

मी उतरून गाडीच्या पायरीवरच बसले. तिला पिठलं-भाकरी आणि कांदा दिला. तिनं बुक्कीनं कांदा फोडला, ती जास्तीची भाकर खाल्ली, गुरुजींच्या डोक्यावर हात ठेवला आणि टोपली उचलून झाडांत गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती? सुया गोळा करणारी बाई होती. याहून जास्त म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि एवढंच म्हणायलाही.

घरी आल्यावर काहीही न लपवता सगळं सांगितलं. दीर म्हणाले, आता तरी गाडी विका. गुरुजी म्हणाले, "नाही." विषय संपला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहोत, दाताळं सोबत घेऊन.

घरी आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी गुरुजींना त्याच बसमधून शेगावला नेलं. चाकाच्या खुर्चीवरून रांगेतून पुढे नेलं. मी काही मागितलं नाही, माफीसुद्धा नाही. पण समाधीसमोर इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. डोकं टेकवून एवढंच म्हटलं, "तू येऊन गेला, मंग मले येणं भागच हाये."